घंटेसकट बोकड

कित्सोसचा मुलगा नासोस, नासोसचा मुलगा फोतिस आणि फोतिसची एकुलती एक मुलगी गारुफालिया. ग्रीक डोंगरातल्या कास्तानी गावात या घराण्याचे नाव याच क्रमाने घेण्याची पद्धत आहे. आणि पद्धत आहे म्हटल्यावर ती पाळली पाहिजे, मग ऐकणाऱ्याला घाई असो वा नसो. पणजोबा कित्सोस यांनी घर बांधले. आजोबा नासोस यांनी अंगणात अक्रोड लावला. वडील फोतिस यांनी छपरावर नव्या दगडी फरश्या चढवल्या. या तिघांनी मिळून गारुफालियाला चौथीही एक गोष्ट वारशाने दिली होती, परंतु तिचा उच्चार गारुफालिया कधी करीत नसे. तो शेजारची थेक्ला करीत असे, भिंतीवरून आणि मोठ्याने.

ती गोष्ट म्हणजे एक देणे. कित्सोसच्या लग्नात वधूपक्ष सांगितला होता त्याच्या दुप्पट आला. मेंढ्या संपल्या, कोंबड्या संपल्या, आणि पंक्तीत बसलेले सोयरे सुऱ्या हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दिशेने पाहू लागले. अशा वेळी थेक्लाचा पणजोबा गाकिस धावून आला. त्याने आपल्या कळपाचा म्होरक्या बोकड, पुढे चालून सगळा कळप डोंगरावर नेणारा, यजमानाची लाज राखण्यासाठी दिला. बोकड वऱ्हाडाने खाल्ला, आणि त्याच्या गळ्यातली पितळी घंटा वऱ्हाडातल्याच कोणीतरी आठवण म्हणून नेली. कित्सोसने डोळ्यांत पाणी आणून सर्वांसमक्ष शब्द दिला, "ईस्टरला परत करीन. घंटेसकट."

कोणत्या ईस्टरला, हे तो बोलला नाही, आणि त्या एका मौनावर त्याने उरलेले आयुष्य सुखात काढले. नासोस अधिक सरळ होता. त्याने बोकड पाठवला, पण घंटेवाचून. गाकिसच्या मुलाने तो त्याच पावली परत पाठवला. "घंटेवाचून म्होरक्या म्हणजे टोपीवाचून पाद्री," तो म्हणाला, "कोण त्याच्या मागे जाईल?" फोतिस जर्मनीत कारखान्यात राबला आणि परतताना त्याने घंटा आणली, पण बोकड आणला नाही. शिवाय ती घंटा सायकलची होती. चकचकीत, अंगठ्याने ट्रिंग वाजणारी. ती त्याने रीतसर कागदात गुंडाळून थेक्लाच्या बापाकडे पोचती केली. त्याच आठवड्यात दोन्ही घरांमधली दगडी भिंत हातभर उंच झाली.

गारुफालियाचे धोरण सर्वांत सोपे होते. देणे नाहीच. जे नाही ते फेडायचे कसे?

तिचा नवरा हयातीत गावचा प्रोएद्रोस, म्हणजे सरपंच होता, म्हणून गाव तिला प्रोएद्रीना म्हणे. आणि नवरा गेला तरी ते पद तिने सोडले नव्हते. मात्र अलीकडे तिच्या राज्यावर संकट आले होते. मुलगी एव्रिदिकी योआनिना शहरात औषधांचे दुकान चालवी. मागच्या हिवाळ्यात आई बर्फावरून घसरली, तेव्हापासून तिने एकच धोशा लावला होता.

"आई, चौथ्या मजल्यावर लिफ्ट आहे, हीटर आहे, समोर सरोवर दिसतं."

"सरोवर मला काय विचारणार आहे? 'कशा आहात प्रोएद्रीना' म्हणणार आहे?"

"शेजारी आहेत की!"

"त्यांची नावं दाराच्या बटणांवर लिहिलेली असतात. ज्याला आपलं नाव लिहून लावावं लागतं त्याला कोण ओळखतं?"

बरीच वादावादी झाल्यावर तह ठरला. शहरातली एक प्रवासी कंपनी परदेशी पाहुण्यांना डोंगरातल्या गावांत पाठवून तिथले जेवण, रानवाटा आणि रीतिरिवाज दाखवीत असे. तिला कास्तानीत एक घर हवे होते. आधी परीक्षेसाठी एक जोडपे येणार होते. ते खूश झाले तर वसंतापासून पाहुणे सुरू, आणि आई गावातच. नाही झाले, तर ऑक्टोबरअखेर, संत दिमित्रियसच्या सणाला, मेंढपाळ डोंगर उतरतात त्याच दिवशी एव्रिदिकी गाडी घेऊन येणार आणि प्रोएद्रीनालाही खाली उतरवणार. कळपासारखी.

काम खरोखर एवढेसे होते. दोन माणसांना रानभाज्या खुडायला न्यायचे, त्या भाज्या पातळ पापुद्र्यांत भरून पीता भाजायची आणि खाऊ घालायची. गारुफालिया आठव्या वर्षापासून पीता करीत आली होती. पापुद्रा इतका पातळ लाटावा की त्यातून पलीकडच्या बाईचे दोष दिसावेत, अशी तिच्या सासूची शिकवण होती. परंतु ज्या कामात सरकार आणि शेजारी दोघेही लक्ष घालतात ते काम छोटे राहात नाही.

आरोग्य खात्याच्या कारकुनाने फोनवर विचारले, "तुमच्या भट्टीला दार कुठे आहे?"

"भट्टी नाही हो. गास्त्रा आहे. खाली परात, वर लोखंडी झाकण आणि झाकणावर निखारे."

"म्हणजे भांडं."

"भांड्यावर निखारे ठेवते का तुमची आई?"

"माझी आई फ्लॅटमध्ये राहते, बाई. दार नसेल तर भट्टीत नोंद होत नाही. निखारे असतील तर भांड्यात होत नाही."

अखेर त्या भल्या माणसाने गास्त्राची नोंद 'अंगणातील शोभेची वस्तू' अशी केली. ज्या झाकणाखाली चार पिढ्यांचे अन्न शिजले त्याची ही संभावना ऐकून गारुफालियाला दोन दिवस जेवण गेले नाही. वनखात्याने रानभाज्यांबद्दल विचारले की त्या ज्या बांधावर उगवतात तो बांध कोणाचा. ती म्हणाली, देवाचा. तर म्हणे मालकाची सही आणा. शेवटी पापा-झिसिस या पाद्र्याने मालकाच्या वतीने सही केली.

कॉफीच्या दुकानात सल्ल्यांना ऊत आला होता. दुकानाचा मालक बार्बा-थिमियोस उभ्या जन्मात जिल्ह्याबाहेर गेला नव्हता, त्यामुळे परदेशी लोकांविषयी त्याची मते ठाम होती.

"त्यांना लसूण घालू नका, प्रोएद्रीना. रडतात."

"आणि जनावर दाखवा," पापा-झिसिस म्हणाला. "माझ्या भाच्याकडे आले होते. चर्च पाहिलं नाही, गाढवाचे मात्र फोटो काढले."

जनावर! कंपनीची मुलगीही फोनवर तेच म्हणाली होती. गावात शेळ्या होत्या एकट्या थेक्लाच्या, आणि थेक्लाकडे शेळी मागण्यापेक्षा गारुफालियाने स्वतः चार पायांवर चालणे पत्करले असते. तेव्हा तिने पुलापलीकडच्या मेंढपाळाला निरोप धाडला. नवऱ्याचा जाड लोकरी कोट गेली काही वर्षे कसरीच्या तोंडी चालला होता. तो दिला आणि बदल्यात एक वयस्कर बोकड घेतला. दाढी पिवळी, शिंगे पीळदार, चाल सेवानिवृत्त सेनापतीची. नाव पाशा. गळ्यात कलिंगडाएवढी पितळी घंटा.

"घंटा काढून देऊ का?" मेंढपाळाने विचारले.

"राहू दे की."

"राहूच दे. आयुष्यभर कळपाच्या पुढे चाललाय तो. घंटा काढली तर जागचा हलत नाही, रुसून बसतो."

इतक्या हुशार बाईच्या हे लक्षात कसे आले नाही, असे वाचक विचारतील. आले नाही खरे. जी गोष्ट नाहीच असे माणूस आयुष्यभर ठरवून बसते, ती दारात येऊन उभी राहिली तरी दिसत नाही. थेक्लाला मात्र ती घंटेच्या पहिल्या ठोक्याला दिसली. भिंतीवर आधी तिचा काळा रुमाल उगवला, मग नाक, मग हसू.

"आला का गं एकदाचा! चार पिढ्या चालत होता बिचारा. थकला असेल. फाटक उघडू?"

"पाहुण्यांसाठी आणलाय तो," गारुफालिया मागे न वळता म्हणाली.

"पाहुण्यांसाठीच तर नेला होता तुझ्या पणजोबानं!"

गारुफालियाने पाशाला अक्रोडाला बांधले, आणि गाठ गरजेपेक्षा दोनदा जास्त मारली.

पाहुणे यायचा दिवस उजाडला तो चोवीस सप्टेंबरचा. तारीख कंपनीने दिली होती आणि गारुफालियाने ती मान्य केली होती. कणीक मळून कपड्याखाली ठेवलेली, अंगण धुतलेले, एव्रिदिकी शहरातून आदल्या संध्याकाळीच आलेली. इतक्यात चर्चची घंटा वाजू लागली. सणाची.

"आज काय आहे गं?" गारुफालियाने विचारले.

एव्रिदिकीने आईकडे असे पाहिले की जणू आईने स्वतःचे नाव विचारले आहे. "आई! आज संत थेक्ला."

आमच्या डोंगरात वाढदिवसाला कोणी विचारीत नाही. तुमच्या नावाच्या संताचा दिवस हाच तुमचा सण. त्या दिवशी घराचे दार सताड उघडे ठेवायचे, आमंत्रण कोणाला द्यायचे नाही, आणि जो दारावरून जाईल त्याला ओढून आत घ्यायचे. कॅलेंडरातले सगळे संत गारुफालियाला तोंडपाठ होते. हा एक मात्र ती इतकी वर्षे इतक्या निष्ठेने विसरत आली होती की तो आता खरोखरच आठवेनासा झाला होता. शत्रूचा सण न पाळण्यासाठी तरी तो लक्षात ठेवावा लागतो, हे शहाणपण तिला उशिरा सुचले.

बांधाकडे जाणारी धड वाट एकच, आणि ती थेक्लाच्या फाटकावरून जाई. तिथे अख्खे गाव जमलेले. पाहुणे तिकडून नेले की संपले. त्यांना खुर्च्या मिळणार, त्सिपुरोची दारू मिळणार, आणि पोट भरून घोरणारे पाहुणे संध्याकाळी थेक्लाच्या अंगणातून गोळा करावे लागणार.

"ओढ्याकडून जाऊ," ती म्हणाली.

"ती वाट बंद होऊन किती काळ झाला, आई."

"वाट बंद होत नसते. माणसं चालायची बंद होतात."

पाहुणे हॉलंडचे होते. विम हा ताडासारखा उंच, सौम्य गृहस्थ. त्याची बायको आनेके गोल चेहऱ्याची आणि इतकी दयाळू की दगडालासुद्धा ओलांडण्याआधी विचारील. ग्रीक शब्द त्यांना चार येत, त्यांतले दोन 'धन्यवाद'चेच. एव्रिदिकीला विस्तव सांभाळायला बसवून गारुफालिया निघाली. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात पाशाची दोरी, कारण निसर्ग दाखवायचा तर जनावर बरोबर हवे.

ओढ्याच्या वाटेवर काटेरी जाळ्यांनी विमची टोपी ठेवून घेतली. चिनाराच्या मुळांवरून तो अदबीने घसरला आणि कमरेपर्यंत पाण्यात उभा राहिला, तिथूनही 'धन्यवाद' म्हणाला. पलीकडे बांध मात्र छान होता. पावसानंतरचा कोवळा चुका, रानटी राजगिऱ्याची पाने, पुदिना, बडीशेपेची पालवी. गारुफालियाने खुडून दाखवले, आनेकेने खुडले. टोपली भरू लागली आणि क्षणभर गारुफालियाला सरोवर, लिफ्ट, चौथा मजला यांचा विसर पडला.

परंतु आनेकेच्या दयेला पाशाचे डोळे दिसले. तिने त्याला एक जुडी दिली. मग, न्याय म्हणून, एक जुडी टोपलीत आणि एक पाशाला. विमचे मोजे पिळण्यात गुंतलेल्या गारुफालियाने मागे वळून पाहिले तेव्हा न्यायाचा तोल एका बाजूस पार कलला होता. टोपलीत पुदिन्याची एक काडी उरली होती. पाशाने तिच्या डोळ्यांदेखत तीही उचलली, आणि पंक्तीतला शेवटचा घास घ्यावा तशी सावकाश चावली.

"अरे मेल्या," गारुफालिया म्हणाली.

त्याच वेळी वरच्या बाजूने थेक्लाच्या शेळ्या ओरडल्या.

पाशाने मान उचलली. त्याचे कान ताठ झाले, दाढी पुढे आली, निवृत्त सेनापतीला रणशिंग ऐकू आले. म्होरक्याचा धंदाच पुढे चालण्याचा. मागे कोण आहे, शेळ्या की हॉलंडची माणसे, याची चौकशी तो करीत नसतो. त्याने दोरीला हिसका दिला आणि चढ चढू लागला. गारुफालियाला एक तर दोरी सोडता आली असती किंवा मागे जाता आले असते. दोरी सोडणे तिच्या घराण्यात नव्हते. तिच्या मागे, हा कार्यक्रमाचाच भाग असावा अशा समजुतीने, आनेके आणि ओला विम. घंटा अशी दणदणत होती की पलीकडच्या डोंगरावरही कळावे.

झुडपे संपली आणि ते सगळे एकदम उजेडात आले. थेक्लाच्या परसात.

तिथे लांबच लांब टेबल मांडले होते आणि अख्खे कास्तानी बसले होते. पापा-झिसिसच्या दाढीला चीज लागले होते. बार्बा-थिमियोसच्या हातात पेला होता. घंटा ऐकून सगळ्यांचे चेहरे वळलेले.

"बसा, बसा!" थेक्ला उठली. पुढे काय झाले ते डोळ्याचे पाते लवायच्या आत झाले. विमला आत नेऊन तिच्या दिवंगत नवऱ्याची कोरडी विजार चढवली गेली. ती त्याला गुडघ्यापर्यंतच आली, पण गावाने टाळ्या वाजवल्या. आनेकेपुढे हिरव्या अक्रोडाचा मुरांबा आला, मग पीता, मग दुसरी पीता, मग पहिली अर्धी का ठेवली म्हणून दटावणी. थेक्लाने तिच्या गालावर हलकेच 'फ्तू, फ्तू, फ्तू' केले, दृष्ट लागू नये म्हणून. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर असे सुख होते की त्यांना तिथून उठवायला फौज लागली असती.

कोणीतरी भिंतीवरून हाक मारली आणि एव्रिदिकीही काजळी लागल्या चेहऱ्याने येऊन बसली. उभी राहिली एकटी गारुफालिया. परसाच्या कडेला, रुमालात काटे, हातात रिकामी टोपली.

"ये की, प्रोएद्रीना," थेक्ला म्हणाली. आवाजात मध होता आणि मधात सुई. "दार उघडंच आहे. मागचं असलं म्हणून काय झालं?"

गारुफालिया हलली नाही. सणाच्या घरी रिकाम्या हाताने पाऊल टाकायचे नसते. भिकारीसुद्धा दाराबाहेरचे एखादे फूल तोडून आत येतो.

"प्रोएद्रीना, अहो बसा," बार्बा-थिमियोस म्हणाला, "लसूण नाही कशात."

"गप्प बस, थिमियोस," थेक्ला म्हणाली. "ती विचार करतेय काय आणलं ते. काय आणलंस गं?"

टेबलावरचे काटे-चमचे थांबले. घरी परत गेली तर पाहुणे गेले, आणि पाहुण्यांमागोमाग घर, अक्रोड, गास्त्रा. मग दारांच्या बटणांवरची नावे वाचत बसायचे. आत गेली तर काहीतरी घेऊन जायला हवे. तिने टोपलीत पाहिले. मग स्वतःच्या दुसऱ्या हाताकडे पाहिले. एव्हाना सगळे गाव तिथेच पाहात होते.

तिने रुमालातला एक काटा काढला, रुमाल नीट केला आणि पाठ ताठ केली. सरपंचाची बायको ध्वजवंदनाला जात असे तशी ती टेबलापर्यंत चालत आली.

"खूप वर्षं जग, थेक्ला," ती म्हणाली, आणि दोरी पुढे केली. "हा घे. म्होरक्या."

मग, दात घट्ट आवळून,

"घंटेसकट."

थेक्लाने दोरी घेतली नाही. तिने आधी पाशाचे दात पाहिले, शिंगे चाचपली, घंटेत बोट घालून लोलक हलवला. ठोका परसभर घुमला. तेव्हा कुठे तिने दोरी मनगटाला गुंडाळली.

"पाहिलंत ना सगळ्यांनी? पापा, तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं," पापा-झिसिस म्हणाला. "तोंडात घास आहे, आशीर्वाद गिळून झाल्यावर देतो."

थेक्लाने आपल्या शेजारची खुर्ची एप्रनने पुसली. गारुफालिया बसली. समोर आलेल्या पीतेचा तिने एक तुकडा तोडला, उजेडाकडे धरून पापुद्रा पाहिला, आणि म्हणाली, "जाड आहे."

"तुझी पातळ असते," थेक्ला म्हणाली. हे ती आयुष्यात प्रथमच कबूल करीत होती, आणि लगेच भरपाई म्हणून म्हणाली, "आत काही नसतं म्हणून."

विमने एव्रिदिकीला काहीतरी विचारले. ती ऐकून हसू लागली. "ते म्हणतायत, असा दिवस त्यांनी कधी पाहिला नाही. वसंतात पुन्हा येणार, मित्रांना घेऊन. कंपनीला काय सांगू, कोणाच्या घरी?"

गारुफालियाने तुकडा खाली ठेवला. विजार थेक्लाची, मुरांबा थेक्लाचा, पीता थेक्लाची. उत्तर तिला दिसत होते आणि ते ऐकायला ती ताठ बसून राहिली.

"हिच्या!" थेक्ला गरजली. "आणखी कोणाच्या? मी शेळ्या बघू की परक्यांच्या चादरी धुवू? झोपायला तिकडे, पीता खायला तिकडे. इकडे यायचं ते पाशा बघायला. आणि भाजी माझ्या परसातनं न्या, बांधावरची तो खातो."

"मग दिमित्रियसच्या सणाला," एव्रिदिकी हळूच म्हणाली, "गाडी आणू नको ना, आई?"

"आण की. लाकडं भरून आण."

थेक्ला आत गेली आणि येताना हाताच्या मुठीत काहीतरी घेऊन आली. सायकलची घंटा. इतक्या वर्षांत ती कोणीतरी नेमाने पुसत आले असावे, कारण अजून चकाकत होती.

"तुझ्या बापाची. एका बोकडाला एक घंटा. ही जास्तीची आली होती. मी कुणाचं ठेवून घेत नाही."

गारुफालियाने ती हातात घेतली, अंगठ्याने एकदा वाजवली, आणि पाहुण्यांसाठी दारावर कुठे लावावी याचा विचार करीत म्हणाली, "देणंबिणं काही नव्हतं हं, थेक्ला. मी सणाची भेट आणली होती."

"भेटच ती," थेक्ला म्हणाली. "कोण दुसरं म्हणतंय?"

गोठ्याचे फाटक उघडले गेले. पाशा न विचारता पुढे झाला, थेक्लाच्या शेळ्या न विचारता त्याच्या मागे लागल्या, आणि घंटा डोंगराच्या वाटेला लागली. कित्सोसने सांगितलेला ईस्टर अखेर आला होता. तेवढा सप्टेंबरात आला, इतकेच.